पाण्याला शीग येत नाही

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. या दिवसांत मी आपल्या पुस्तकाचं सातवं प्रकरण तीनदा लिहिलं आणि तीनदा बाजूला ठेवलं. चौथ्यांदा लिहिलं, ते छापायला द्यायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं असं वाटलं. इतकी वर्षं तसंच करत आले आहे. एखादं पान अडलं की सांगलीला फोन लावायचा, तुम्ही "बोला ताई" म्हणायचं आणि मी पान वाचून दाखवायचं. तुमचा फोन आता तुमचा मुलगा अजित उचलतो. तोही "बोला ताई" असंच म्हणतो, आणि मग मला पुढचं सुचत नाही.

तुमची माहिती देणारे मजकूर छापून आले. धान्याचे जुने व्यापारी, बोर्डिंगचे विश्वस्त, साधी राहणी. ते सगळं खरं असणार. मला त्यात भर घालता येत नाही, कारण त्यातलं फार थोडं मी पाहिलं आहे. मी पाहिलेला माणूस दर पंधरा दिवसांनी साताऱ्याच्या एसटीतून उतरत असे, हातात कापडी पिशवी असे, आणि तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाशी भांडत असे.

पहिल्यांदा आलात तेव्हा मी साताऱ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तुम्ही चपला दाराबाहेर काढल्यात. वाचनालयात कुणी चपला काढत नाही, म्हणून माझं लक्ष गेलं.

"बाई, तुमच्याकडं संस्थानचे मोडी कागद आल्यात म्हणं."

"आलेत. एका जुन्या कारभाऱ्याच्या घरातून. कशासाठी हवेत?"

"एका लबाड माणसाचं चरित्र लिहायचंय."

"लबाड आहे हे आधीच ठरलंय का?"

"ते आमच्या घरात माझ्या पणजोबाच्या वेळेलाच ठरलंय. पुरावा तेवढा राहिलाय."

मी हसले, तुम्ही हसला नाहीत. ते तुम्ही मनापासून म्हणाला होतात हे कळायला मला सहा महिने लागले.

तो लबाड माणूस म्हणजे रुद्राप्पा. कानडी मुलखातून एका दुष्काळी साली तो सांगलीला आला. बरोबर बायको, एक ऐरण आणि पत्रा कापायची कात्री. नदीच्या घाटावर बसून तो लोकांच्या फुटक्या घागरी सांधून द्यायचा. पुढे धान्य मोजायची पत्र्याची मापं करू लागला. पायली, शेर, मापटं. त्याची सगळी मापं एकसारखी असत, म्हणून ती खपली. काही वर्षांत नदीकाठी त्याचा कारखाना उभा राहिला, आणि म्हातारपणाकडे झुकताना दरबाराने त्याला संस्थानच्या सल्लागार मंडळात घेतलं. मराठी लिहिता न येणारा तिथला तो एकटाच. मापांच्या काठाखाली जो शिक्का तो उठवायचा, तोच सहीच्या जागी कागदावर उठवायचा. मंडळात गेल्यावर त्याने एकच मोठं काम केलं. बाजारात प्रत्येक व्यापाऱ्याची पायली वेगळी होती. ती सगळी बंद करून एकाच घाटाचं, शिक्का असलेलं माप सर्वांनी वापरावं, असा नियम त्याने करून घेतला. आणि तसं माप सगळ्या संस्थानात फक्त त्याच्या कारखान्यात तयार होत होतं.

तुमच्या घरातलं भांडण इथे सुरू होतं. तुमचे पणजोबा नेमगोंडा हे त्या बाजारातले वजनदार व्यापारी. रुद्राप्पाची पायली जुन्या पायलीपेक्षा मोठी आहे, तिने मोजलं तर शेतकरी लुबाडला जाईल, असा अर्ज व्यापाऱ्यांनी दरबाराला केला आणि त्यावर पहिलं नाव नेमगोंडांचं होतं. अर्ज फेटाळला गेला. नेमगोंडा हरले, पण शेतकऱ्यांसाठी दरबाराशी भांडलेला माणूस म्हणून राहिले. दरवर्षी तुमच्या भावकीचा मेळावा भरतो आणि तिथे ती गोष्ट सांगायचं काम तुमच्याकडे होतं. मी एकदा ऐकली आहे. तुम्ही चांगली सांगायचात. अर्ज घेऊन पणजोबा दरबाराच्या पायऱ्या चढतात तिथे तुम्ही थांबायचात, आणि पोरंटोरंसुद्धा गप्प व्हायची.

तो अर्ज मला बाडात सापडला. मी मोडीतून वाचून दाखवला तेव्हा तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. त्या दिवसापासून पुस्तक आपलं दोघांचं झालं. तसं आपण कधी बोललो नाही.

आपले वाद मात्र मला आवडायचे. सूर्य मावळायच्या आत तुमचं जेवण व्हायला हवं, म्हणून माझ्याकडे साडेपाचलाच पानं मांडावी लागत. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही. पहिल्यांदा मी घाबरून नुसता वरणभात आणि काकडी वाढली. "ताई, आजारी न्हाई मी," म्हणालात. वाद रंगात आला की घड्याळ बघून तुम्ही उठायचात, जेवायचात, आणि जेवताना बोलायचं नाही. जेवण झालं की स्टँड गाठायची घाई. त्यामुळे आपला एकही वाद त्या दिवशी संपला नाही. पंधरा दिवस मी एकटी साताऱ्यात उत्तरं तयार करायची, आणि तुम्ही आलात की दाराशीच सुरू.

"मंडळाच्या कामकाजात गावच्या पाटलांनी कुणी तक्रार केलेली नाही, अण्णा. तक्रार फक्त व्यापाऱ्यांची आहे."

"शेतकऱ्याला लिहाय येत हुतं व्हय तवा?"

"पाटलाला येत होतं की."

"पाटील कुणाच्या वसरीवर बसायचा? रुद्राप्पाच्या."

"याला पुरावा?"

"माणसं अशीच असत्यात. ह्याला काय पुरावा लागतोय?"

एकदा तुम्ही आणि माई जोडीने, आणि मी, अजितच्या गाडीने सीमेपलीकडे रुद्राप्पाचं मूळ गाव शोधायला गेलो. गाव सापडलं, माणसं सापडली, पण रुद्राप्पा कुणालाच माहीत नव्हता. पारावर एक म्हातारा बसला होता. तुम्ही त्याच्याशी कानडीत बराच वेळ बोललात आणि गाडीत आम्हाला मराठीत सांगितलंत. त्याने विचारलं, "तो तुमचा कोण?" तुम्ही म्हणालात, "दुश्मन." म्हातारा म्हणाला, "एवढ्या लांब शोधत आलात म्हणजे जवळचाच असणार." माई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

आता सातव्या प्रकरणाकडे येते.

खरं काय ते मापांनीच सांगावं, ही कल्पना माझी. तुमच्या कोठीत नेमगोंडांच्या वेळच्या दोन पायल्या होत्या. आजूबाजूच्या गावांतून तुम्ही तशाच आणखी तीन मिळवल्यात. रुद्राप्पाच्या शिक्क्याच्या दोन मिळाल्या, एक तर कुणाच्या तरी परड्यात कोंबड्यांना पाणी ठेवायला होती. तुमच्या घराच्या मागच्या पडवीत मी सातही मापं ओळीने मांडली. शाळेत आकारमान मोजायला शिकवतात तसं प्रत्येक माप काठोकाठ पाण्याने भरायचं आणि ते पाणी खुणा केलेल्या भांड्यात ओतून आकडा लिहायचा. पाणी कुणाची बाजू घेत नाही, असं मी म्हणाल्याचं मला आठवतं. कळशीने पाणी तुम्ही ओतत होतात. मी वाकून काठ बघायची, "पुरे" म्हणायची, आणि लिहायची.

रुद्राप्पाच्या दोन्ही पायल्या जुन्या पाचही पायल्यांपेक्षा मोठ्या निघाल्या. प्रत्येक वेळी, दोन दोन ओंजळींनी.

म्हणजे अर्ज खरा होता. शेतकरी मोठ्या मापाने लुबाडला गेला, आणि मंडळात बसून रुद्राप्पाने स्वतःच्या कारखान्याची सोय केली. मी इतके दिवस त्याची बाजू घेत होते, ती मी सोडली. साताऱ्याला परत आले आणि सातवं प्रकरण नव्याने लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, आकड्यांचा तक्ता होता, भाषा संयमाची होती. तुम्ही वाचलंत, "झालंय चांगलं" म्हणालात आणि पानं पिशवीत घातलीत. जिंकल्यावर तुम्ही मला एकदाही टोचून बोलला नाहीत. मला तो तुमचा मोठेपणा वाटला.

त्यानंतर चार वर्षं गेली. माझे डोळे, तुमचं हृदय, मध्येच वाचनालयाची गळती. पुस्तक रखडलं, पण थांबलं नाही. रुद्राप्पाच्या घराण्यातल्या एका बाईंकडून त्याची कानडी पत्रं मिळाली, गावी राहिलेल्या बहिणीला कुणाकडून तरी लिहून घेतलेली. ती तुम्ही वाचायचात आणि मी मराठीत उतरवून घ्यायची. त्यांत एक पत्र होतं. नियम झाल्यानंतरचं. बाजारातून जाताना कुणी आपल्याशी बोलत नाही, दुकानासमोर आलं की माणसं आत वळतात, आणि आपण इतकी वर्षं राहूनही परत घाटावर बसलेल्या दिवसासारखं वाटतं, असं त्यात आहे. ते पत्र तुम्ही एकदा वाचलंत. पुढच्या खेपेला पुन्हा मागितलंत. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणालात, "ते एक पत्र जरा घरी न्हेऊ काय?"

गेल्या होळीनंतर तुम्ही मला सांगलीला बोलावलंत. आलात तर बरं, एवढंच फोनवर. नेहमी तुम्ही येत होतात, म्हणून मला तब्येतीची शंका आली. पण तुम्ही ठीक होतात. मागच्या पडवीत चादर अंथरली होती, तिच्यावर शाळू ज्वारीचा ढीग, आणि बाजूला दोन पायल्या. एक तुमच्या कोठीतली जुनी, एक रुद्राप्पाची.

"बसा ताई. मापाडी व्हा आज."

मी बसले. तुम्ही जुनी पायली माझ्यापुढे सरकवलीत.

"भरा."

मी दोन्ही हातांनी भरली आणि काठ आला तशी थांबले.

"थांबला का?"

"भरली की."

"न्हाई भरली. घाला आणि."

मी घालत राहिले. दाणे काठावर चढले, निमुळता ढीग झाला आणि वरून ओघळायला लागले तेव्हा तुम्ही हात केलात. "ही शीग. शेतकऱ्याकडनं माल घ्यायचा तो असा. शीग चढवून. आमच्या पेढीवर पणजोबाच्या वेळेला असंच हुतं, आज्जा सांगायचा." मग तुम्ही ती पायली चादरीच्या एका कोपऱ्यात उपडी केलीत आणि मोजलंत, "लाभ." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे मला ठाऊक होतं, पण कुणी म्हणताना ऐकलं नव्हतं.

मग रुद्राप्पाची पायली. ती तशीच भरली. ती उंच होती आणि तिचं तोंड अरुंद होतं. काठावर दाणे राहीनात. जेमतेम मूठभर शीग राहिली, बाकीची घसरून खाली.

तुम्ही दोन्ही ढीग शेजारी केलेत. जुन्या पायलीचा ढीग मोठा होता. पाण्याने जी लहान ठरली होती, तिचा.

"तोंड रुंद तेवढी शीग मोठी," तुम्ही म्हणालात. "घेताना शीग चढवायची. गिऱ्हाइकाला देताना हात फिरवून सपाट करायचं. मधलं सगळं व्यापाऱ्याचं. त्यानं तोंडच बारीक केलं. शीगच ठेवली न्हाई. आणि सपाट मापात दोन ओंजळी जास्त दिली. शेतकऱ्याचं वाचलं, गिऱ्हाइकालाबी जास्त गेलं. गेलं ते फक्त आमचं."

मी दोन्ही ढिगांत हात घालून बघितला.

"आणि मी पाण्याने मोजलं," मी म्हणाले.

"पाण्याला शीग येत न्हाई, ताई."

"तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?"

"व्हय."

"कळशी तुमच्या हातात होती, अण्णा."

"व्हय."

"चार वर्षं मी एका माणसाला चोर ठरवून बसले."

"पणजोबा माझा हुता," तुम्ही म्हणालात. "तुमचा न्हवता."

मला राग आला होता. राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो, आणि तुम्हाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तुम्ही दोनदा "काय?" विचारलंत. मी म्हणत होते की आता प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, आणि अर्जाचं खोटेपण लिहिताना अर्जावरचं पहिलं नावही लिहावं लागेल.

"प्रकरण लिहा की. त्यासाठीच बोलावलं तुमास्नी. 'व्यापाऱ्यांनी अर्ज केला' असं लिहा. नाव नको."

"अर्जाला नाव असतं. नाव गाळायचं म्हणजे पुन्हा पाणीच ओतायचं."

"ताई, चौघांत बसायचं हाय मला अजून."

माईंनी पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या. आपण शाळू परत पोत्यात भरला. स्टँडवर सोडायला तुम्ही अजितला पाठवलंत, स्वतः आला नाहीत. त्यानंतर फोनवर आपण दोनदा बोललो. दोन्ही वेळा मी नावाचा विषय काढला, दोन्ही वेळा तुम्ही "बघू" म्हणालात. तिसरा फोन अजितचा होता.

एक गोष्ट मी तुम्हाला त्या पडवीत म्हणायला हवी होती आणि म्हटली नाही. तुम्ही गप्प राहिला असतात तर हे मला कधीही कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. शीग म्हणजे काय हे जाणणारी माणसं बाजारातून गेली, आता वजनकाटे आहेत. मी केलेला तक्ता छापला गेला असता, लोकांनी त्याचे आधार दिले असते, आणि तुमच्या घराची गोष्ट पक्की झाली असती. तुम्हाला काहीच करायचं नव्हतं, फक्त काहीही न करता राहायचं होतं. ते तुम्हाला चार वर्षं जमलं आणि मग जमेना. मी मात्र चार वर्षांचा हिशेब विचारत बसले. आभार मानायचे राहिले.

तुम्ही गेल्यावर आठवड्याने मी सांगलीला आले. भेटायला येणारे कमी झाले होते. माईंनी तुमच्या टेबलावरची सातव्या प्रकरणाची जुनी प्रत मला दिली. एसटीत बसल्यावर मी ती पान पान बघितली, मागच्या बाजू बघितल्या. तुम्ही त्यावर काही लिहिलेलं नाही. लिहून ठेवणारा माणूस नव्हतात तुम्ही, तरी बघितलं.

निघताना अजित दारापर्यंत आला होता.

"ताई, ते नावाचं अण्णांनी मला सांगितलंय. व्यापारी लिहा म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते."

"मग तेवढं ठेवा. अण्णा गेले, पण मला बसायचंय त्या चौघांत. माझ्या पोरीचं लग्न बघतोय."

मी विचार करते म्हणाले. त्याचं चूक नव्हतं. पुस्तक वाचून लोक त्याच्याकडे वळून बघतील, माझ्याकडे नाही. मी साताऱ्याची, परक्या गावची, शिवाय माझी चूक फार तर हास्यास्पद ठरेल. त्याच्या घरातला एक माणूस देव्हाऱ्यातून उतरेल.

मी तीनदा लिहिलं ते याच कारणाने. पहिल्यांदा "काही व्यापाऱ्यांनी" असं लिहिलं. वाचून पाहिलं तर ते वाक्य बरोबर होतं आणि पुरेसं नव्हतं. शिगेची गोष्ट मला कुणी सांगितली, हे मला लिहायचं होतं. नेमगोंडांचं नाव गाळलं की तुमचं नाव एखाद्या माहीतगार व्यापाऱ्याचं उरत होतं. जुन्या चालीरीतींबद्दल माहिती पुरवणारा. तुम्ही माहिती पुरवली नव्हती, अण्णा. तुमच्याकडे होती ती एक गोष्ट तुम्ही मोडून माझ्या हातात दिलीत. नाव नसेल तर काय मोडलं, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

दुसऱ्यांदा नाव घालून लिहिलं. मग अजित आठवला आणि ते बाजूला ठेवलं. तिसऱ्यांदा पुन्हा व्यापारी.

परवा ती दोन्ही पानं घेऊन सांगलीला गेले. अजित आणि माई समोर बसले. मी आधी "काही व्यापाऱ्यांनी"चं पान वाचलं, मग नावाचं. नावाच्या पानात आधी माझी चूक आहे, पाण्याची. मग नेमगोंडा, मग अर्ज आणि त्याचं खोटेपण. आणि त्याच परिच्छेदात, हे सगळं नेमगोंडांच्या पणतवाने स्वतःच्या पडवीत, घरातलीच पायली वापरून दाखवलं, असं वाक्य आहे. चार वर्षांनी दाखवलं, हेही आहे.

माई म्हणाल्या, "यंदा मेळाव्यात ह्यांनी गोष्ट सांगितली न्हाई."

"घसा बसला होता त्यांचा," अजित म्हणाला.

"कसला घसा? घरी आल्यावर मला अर्धा तास बोलत हुते, गाडीवाल्यानं वळण चुकवलं म्हणून. घसा म्हणं बसलाय. लोक म्हणाले, अण्णा, पायऱ्यापतूर तरी सांगा. न्हाई म्हणजे न्हाई. पाणी पिऊन खाली बसले."

मला हे माहीत नव्हतं. मेळावा होळीनंतर महिन्याने झाला. म्हणजे पडवीतल्या त्या दुपारनंतर.

अजितने नावाचं पान मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. तो सावकाश वाचतो, तुमच्यासारखाच, ओठ हलवत. वाचून झाल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी मेळाव्यात गोष्ट सांगायला मलाच उभं करणार हायत."

"हो."

"मग हे छापलेलं असलेलं बरं. मला तोंडानं सांगाय जमायचं न्हाई." पान परत देताना तो थांबला. "पण एक करा, ताई. अण्णा नाव नको म्हणाले होते, तेबी लिहा. न्हाईतर लोकांना वाटंल, त्यांनी हौसेनं पणजोबाला उघडं पाडलं. हौस न्हवती त्यांना."

मी लिहिते म्हणाले.

काल ते पान चौथ्यांदा आणि शेवटचं लिहून झालं. नेमगोंडांचं नाव पूर्ण आहे, तुमचंही. नाव छापू नये असं तुमचं म्हणणं होतं, मी ते मानलेलं नाही, हे त्याच पानावर खाली दिलं आहे. तिथे अक्षर बारीक असतं. पण कुठलंही पुस्तक हातात घेतलं की तुम्ही आधी तळटिपा वाचायचात.